मूठ, पंजा, तळवा

आत्या भेटल्या की आधी पाठीवरून हात फिरवायच्या. या, बसा, कसे आहात, हे सगळं नंतर. हात खांद्याखालून निघायचा, मणक्यावरून सरळ कमरेपर्यंत यायचा, तिथे अंगठा आणि दोन बोटं जरा दाबून थांबायची आणि मग सुटायची. पहिल्यांदा तो हात माझ्या पाठीवरून फिरला तेव्हा मला भरून आलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नौपाड्यातल्या विमा कचेरीत सगळी नोकरी काढलेल्या माणसाच्या पाठीवरून सहसा कोणी हात फिरवत नाही. मी चष्मा काढून डोळे पुसायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "तलवा."

आम्हाला वाटलं हा आशीर्वादाचाच काही प्रकार असेल. हिने तर वाकून नमस्कारही केला. वाकलेल्या पाठीवरून आत्यांचा हात फिरला आणि त्या म्हणाल्या, "मूठ. असं कसं रं? तू तलवा न् बायको मूठ?"

मूठ, पंजा आणि तळवा ही आत्यांची मापं होती. मूठ वळून तिच्या हाडांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. टोकं टोकं लागतात. शेळीच्या कमरेचा मणका तसा लागला तर ती उपाशी तरी आहे, नाही तर पोटातल्या जंतांना पोसते आहे. हात सरळ पालथा धरून त्यावरून बोट फिरवा. खाली हाड आहे हे कळतं पण टोचत नाही. तो पंजा, आणि गाभण शेळी पंजा हवी. आता हात उताणा करा आणि अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग दाबून बघा. हाडाचा पत्ता लागत नाही, तो तळवा. मूठ झालेली शेळी व्यायल्यावर दूध देत नाही, तळवा झालेली व्यायच्या आधीच आडवी होते. एवढं शास्त्र आत्यांच्या तीन बोटांत होतं आणि ते त्या शेळी आणि माणूस असा भेद न करता वापरत.

त्या आत्या का, तर टिटवाळ्याजवळच्या त्या आगरी पाड्यात त्या जन्मल्या, लग्न होऊन गेल्या आणि दोन वर्षांत विधवा होऊन परत आल्या. माहेरी राहिलेली बाई भावाच्या पोरांची आत्या असते. मग पोरांचे मित्र आत्या म्हणू लागले, मित्रांचे बाप म्हणू लागले, आणि शेवटी रिक्षावाले आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमही. घराच्या मागे बारा-चौदा शेळ्यांचा गोठा होता. त्यातली प्रत्येक शेळी आधीच्या एखाद्या शेळीची लेक किंवा नात होती, आणि आत्या ती वंशावळ उभ्याउभ्या सांगत. आमच्या घराण्याची मला आजोबांच्या पलीकडे सांगता येत नाही.

आमची गाठ पडली ती माझ्या निवृत्तीनंतरच्या उत्साहामुळे. डोंबिवलीत राहणारा माणूस निवृत्त झाला की त्याला माती आठवते. ज्याच्या घरात कुंडीतली तुळस बायकोच्या भरवशावर जगली, त्यालाही आठवते. मी पाड्याला लागून एक तुकडा घेतला, त्यावर दोन खोल्या बांधल्या, त्यांना फार्महाऊस म्हणायला सुरुवात केली आणि शेळीपालनाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत नाव घातलं. कार्यशाळा नौपाड्यात, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, एसी हॉलमध्ये होती. पडद्यावर शेळ्या दिसत होत्या. खरी शेळी दोन्ही दिवसांत एकदाच भेटली, दुसऱ्या दिवशीच्या जेवणात. शेवटी आम्हा सगळ्यांना प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेला तक्ता आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचं सदस्यत्व मिळालं. ग्रुपवर एकशे चाळीस शेळीपालक होते. त्यांच्यापैकी शेळ्या कितीजणांकडे होत्या हे कधी कळलं नाही, मतं मात्र सगळ्यांकडे होती.

तक्त्यात लिहिलं होतं, जंतनाशक नियमित द्यावे. नियमित या शब्दावर मी आयुष्य काढलेलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल गोल केला, आणि माझ्या सहा शेळ्यांना त्या दिवशी रांगेत उभं करून पांढरं औषध पाजू लागलो. सहाही जणींना सारखंच, एकेक टोपण. कोणावर अन्याय नको. दुसऱ्या महिन्यात हा सोहळा चालू असताना आत्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं की आज सगळ्यांना एकदम काय झालं. मी म्हटलं, काही झालं नाही, आज एक तारीख आहे.

"मंग कॅलेंडरला पाज," आत्या म्हणाल्या. "जंत त्याला झालंत."

त्या आत आल्या आणि एकेका शेळीचं तोंड काखेत धरून खालची पापणी ओढून बघू लागल्या. डोळ्याच्या आतला भाग लाल असेल तर जंत असले तरी शेळीला ते झेपतात, तिला औषधाची गरज नाही. फिकट असेल तर रक्त जंतांच्या पोटात जातंय. सहातल्या दोन फिकट निघाल्या. त्या दोघी सगळ्यांत थोराड होत्या, म्हणजे माझ्या टोपणाच्या न्यायाने त्यांनाच औषध कमी पडत होतं. सगळ्यांना उठसूट पाजलं की नाजूक जंत मरतात आणि मुरलेले मागे राहतात, मग त्यांचीच पोरं होतात आणि एक दिवस औषध पाण्यासारखं होतं, हे मला पुढे डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. आत्यांनी एवढं लांबवलं नाही. रोज ओरडणाऱ्या बापाचं पोरं ऐकत नाहीत, जंतांचं तसंच, असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. शिवाय दारची एक शेळी नुकतीच गाभण राहिली होती. पहिल्या महिना-दीड महिन्यात ते पांढरं औषध पोटातल्या जिवाला बाधतं हे मला तक्त्यात सापडलं, पण मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात.

पापणी ओढायची सवयही त्यांनी शेळ्यांपुरती ठेवली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी हिची पापणी ओढली आणि मला विचारलं की शेळ्यांचे डोळे दर महिन्याला बघतोस, हिचे कधी बघितलेस. मी हसण्यावारी नेलं. ही मात्र डोंबिवलीला जाऊन रक्त तपासून आली आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आधी तिला आणि मग मला झापलं. तेव्हापासून आमच्या घरात आत्यांचा शब्द शेवटचा झाला. माझा तसाही कधी नव्हता.

आत्यांचं शेळ्या चारणंही जगावेगळं होतं. सकाळी सगळ्यांच्या शेळ्या सुटायच्या तेव्हा त्यांच्या अजून बांधलेल्या असत. दव वाळल्याशिवाय त्या सोडत नसत. ओल्या गवताच्या पात्यावर जंतांची पिल्लं चढून बसतात, ऊन आलं की खाली उतरतात, मग आपण जायचं, असं त्यांचं म्हणणं. नाल्याकाठचं हिरवंगार लुसलुशीत गवत त्यांना मंजूर नव्हतं. त्यांच्या शेळ्या टेकडीवर जाऊन मान वर करून झुडपं ओरबाडत, आणि त्या मागे काठी टेकत चढत. सत्तरी ओलांडलेली ती बाई रोज ती टेकडी चढायची आणि उतरायची. मी एकदा सोबत गेलो आणि अर्ध्यात बसलो. त्या वरून म्हणाल्या, "बस रं, बस. तुना व्यायचं थोडंच हाय."

गाभण शेळीचे पाच महिने त्यांनी दोन भागांत वाटलेले होते. पहिल्या तीन महिन्यांत चालवायची आणि लाड करायचे नाहीत. शेवटच्या दोन महिन्यांत पोटात पिल्लांची गर्दी होते, चाऱ्याला जागा उरत नाही, तेव्हा खुराक थोडा वाढवायचा पण थोडाथोडा करून द्यायचा. आणि दर आठवड्याला डोळा बघायचा, कारण व्यायच्या सुमाराला आईचं अंग ढिलं पडतं आणि जंत नेमके तेव्हाच पाय पसरतात. चालणं मात्र शेवटच्या दिवसापर्यंत. त्यावर त्यांची तडजोड नव्हती.

मग पाडाच विकासाला गेला. आत्यांच्या भाच्याने, विलासने, घर आणि मागचा गोठा बिल्डरला दिला आणि तिथे अठरा मजली टॉवर उभा राहिला. तो बांधून होईपर्यंत आत्या शेळ्यांसकट जवळच भाड्याने राहिल्या. विलास भला माणूस. कल्याणला त्याचं रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान, आत्यांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याने नव्या जागेत चौदाव्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली दिली, स्वतंत्र टीव्ही दिला. टॉवरचं नाव इंग्रजी होतं आणि त्यात मेडो असा शब्द होता. मेडो म्हणजे काय असं आत्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कुरण. आत्या गेटवरच्या त्या सोनेरी अक्षरांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग शेल्या का नाय घेत आत?"

शेळ्या आत घेत नव्हते. एकेक करून त्या नातेवाइकांकडे गेल्या. शेवटची उरली चांदी. पांढरी, एका कानावर काळा डाग, आत्यांच्या पहिल्या शेळीच्या लेकींच्या लेकींमधली ती एकटीच मागे राहिलेली. नुकतीच गाभण होती. आत्यांनी तिला दोरीने धरून आमच्या प्लॉटवर आणलं आणि दोरी माझ्या हातात दिली. चांदीच्या कमरेवर माझी बोटं ठेवून दाबली आणि विचारलं की काय लागतंय. मी म्हटलं, पंजा. त्या म्हणाल्या, "असाच ठेव." आणि परत जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ही शेळी म्हणजे त्यांचं गेलेलं सगळं घर होतं, हे मला त्या पाठमोऱ्या चालण्यावरून कळलं.

एवढी मोठी जबाबदारी पडल्यावर डोंबिवलीचा माणूस जे करतो ते मी केलं. मी चांदीचे लाड सुरू केले. तिला टेकडीवर कोण नेणार? माझे गुडघे आहेत, शिवाय वाटेत कुत्री आहेत, ठेचा आहेत, ऊन आहे. तिला सावलीत बांधली, खाली रबरी चटई घातली. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, गूळ, कालच्या पोळ्या. ही म्हणायची, अहो, दोन जिवांची आहे, घाला अजून थोडं. मी घालायचो. ग्रुपवर फोटो टाकला तर पंचेचाळीस जणांनी अंगठे दाखवले आणि एकाने बॉडी बघा बॉडी असं लिहिलं. चांदी गोल होत चालली आणि मी ते बघून सुखावत चाललो. तिच्या कमरेवर बोटं ठेवायचं सुचलं नाही असं नाही. रोज ठेवत होतो, आणि जे लागायचं त्याला प्रेमाने पंजाच म्हणत होतो.

मग हिच्या भगिनी मंडळाला डोहाळजेवणाची कल्पना सुचली. मंडळातल्या सगळ्यांच्या सुना एक तर अमेरिकेत, नाही तर इतक्यात नको म्हणणाऱ्या. ओटीचं सामान वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं. रविवारी तीन रिक्षा भरून बायका प्लॉटवर उतरल्या. चांदीला हिरवी ओढणी घातली, शिंगांना गजरा बांधला, पुढे रांगोळी काढली. गजरा शेजारच्या शेळीने खाल्ला आणि रांगोळीवर चांदीने लेंड्या टाकल्या, तरी फोटो छान आले. मग बर्फी की पेढा हे ओळखायचा खेळ झाला, दोन वाट्या तिच्यासमोर झाकून ठेवून. चांदीने दोन्ही खाल्ल्या. त्यानंतर प्रत्येकीने आपापल्या घरून आणलेलं तिला भरवलं. पुरणपोळी, डिंकाचा लाडू, केळी, साखरभात. कोणी म्हणालं, बिचारी नाही म्हणत नाहीये बघ, भूक असणार.

आत्यांना मानाचं बोलावणं होतं. त्या उशिरा आल्या, नव्या लुगड्यात, जरा धापा टाकत. बायकांनी त्यांना पुढे केलं, पहिली ओटी तुमची म्हणून. आत्यांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि चांदीच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं मायेने फिरवतायत. दोघींनी त्याचा व्हिडिओ घेतला. तो हात कमरेवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. आत्यांचा चेहरा मी पाहिला.

"आत्या, मी हिला काही कमी पडू दिलं नाही," मी म्हटलं.

"त्याच झाला," आत्या म्हणाल्या. "कमी पाडायचा व्हता."

मग त्यांनी सगळ्या बायकांना हात आखडते घ्यायला सांगितलं. दोघी-तिघी खट्टू झाल्या, एकीने तर जाताना चांदीच्या तोंडात हळूच शेवटचा लाडू सरकवला. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी चांदीने भरडा हुंगला आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी ती बाकीच्यांपासून दूर, भिंतीला डोकं लावून उभी राहिली. दात करकरा वाजवत होती. तोंडाला पिकून गेलेल्या फळांसारखा गोड वास येत होता. मी ग्रुपवर विचारलं. तेवीस उत्तरं आली आणि त्यांतली सोळा जंतांच्या औषधाची होती. मग मी फोन ठेवला आणि आधी डॉक्टर मॅडमना, मग विलासला लावला.

मॅडम आल्या, त्यांनी तपासलं. पोटात दोन पिल्लं होती आणि ती भराभर वाढत होती. अंगावर चरबी इतकी की पोटात चाऱ्याला जागाच नाही, मग शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं आणि त्याचंच विष होतं. हे सगळं त्यांनी मला शांतपणे सांगितलं आणि ते जास्त लागलं. त्यांनी सलाईन लावलं, पाजायचं औषध दिलं, आणि म्हणाल्या की आता हिने थोडं तरी खायला हवं आणि पायांवर राहायला हवं, ते औषधाने होणार नाही. तेवढ्यात फाटकातून आत्या आल्या. मॅडम त्यांच्याकडे बघून बाजूला सरकल्या.

तीन दिवस आत्या आमच्या प्लॉटवर राहिल्या. शेवरीचा कोवळा पाला एकेक काडी करून त्या चांदीच्या ओठांशी धरायच्या, ती तोंड फिरवायची, त्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायच्या. घटकाभराने तिला उठवायच्या आणि अंगणातून फिरवायच्या. चांदी दोन पावलं टाकून बसायची. आत्या तिला शिव्या घालायच्या, त्या मी इथे लिहू शकत नाही, आणि त्याच दमात तिच्या आईचं आणि आजीचं नाव घेऊन विचारायच्या की त्या टेकडी चढायच्या आणि तुला अंगण होत नाही का. मी मागे पाण्याची बादली घेऊन फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना खालून उठता येईना. मी पाठीला हात लावून आधार दिला आणि माझी बोटं आपोआप कमरेवर गेली. टॉवरमध्ये जाऊन त्यांना चार-पाच महिने झाले होते. टेकडीवर मला मागे टाकणाऱ्या त्या काटक बाईच्या पाठीत माझ्या बोटांना हाड सापडेना. त्यांच्या लक्षात आलं.

"काय लागला?" त्यांनी विचारलं.

"पंजा," मी म्हटलं.

"शेलीला पन असाच खोटा बोललास," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसून पुढे म्हणाल्या, "मना पन बांधलीय रं. चटई हाय, खुराक हाय. लिफ्टीनं खाली आली तं वॉचमन बोलते, आजी, कुठं चालली, वर जा."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. विलास किती करतो तुमच्यासाठी, आता या वयात आराम नको का, असलं. शब्द अगदी भरड्यासारखे तोंडातून गळत होते. आत्यांनी ऐकून घेतलं आणि चांदीला उठवायला गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी चांदी व्यायली. पहिला बोकड मेलेलाच आला. दुसरी पाठ होती, म्हणजे मादी पिल्लू, मूठभर, एका कानावर काळा डाग असलेली. आत्यांनी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, तिला उलटी धरून दोन थापट्या मारल्या आणि तिने आवाज केला. मी बोकडाला आंब्याखाली पुरलं. भगिनी मंडळाच्या ग्रुपवर मुलगी झाली हो असा संदेश आणि नाचणाऱ्या पेढ्यांचं चित्र आलं. हिने तो ग्रुप त्या दिवशी सोडला. चांदी वाचली. पंधरा दिवसांनी ती चालत फाटकापर्यंत गेली तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर काही महिने आत्या आठवड्यातून दोनदा यायच्या. चांदीला आणि तिच्या लेकीला घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायच्या, मग पायथ्याच्या अलीकडच्या चिंचेपर्यंत, मग फाटकापर्यंत. एकदा विलास त्यांना न्यायला आला आणि माझ्याजवळ कळवळून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा ना तिला. जन्मभर राबली ओ ती. आता बसून खाऊ दे ना." मला त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते पक्कं माहीत होतं. मी शेळी जवळजवळ मारून ते शिकलो होतो. पण भल्या माणसाला त्याच्या मायेबद्दल दोष देणं जड जातं. मी म्हटलं, "आत्या, विलास बरोबर बोलतो." आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रिक्षात बसल्या. यानंतर त्यांचं येणं हळूहळू बंदच झालं.

मी चौदाव्या मजल्यावर भेटायला जायचो. खिडकीतून टेकडी दिसायची. विलासची बायको हौसेने ताटली पुढे करायची, आत्या मुकाट्याने खायच्या. मी चांदीची लेक आता केवढी झाली ते सांगायचो. पंजा का, एवढंच त्या विचारायच्या. मी हो म्हणायचो आणि ते खरं असायचं. चांदीला आणि तिच्या लेकीला मी स्वतः दव वाळल्यावर टेकडीवर नेत होतो, माझ्या गुडघ्यांसकट. तुम्हीही चला एकदा, असं मात्र मी कधी म्हटलं नाही.

आत्या गेल्या त्या दुपारच्या जेवणानंतर, टीव्हीसमोर बसल्याबसल्या. हृदय म्हणाले डॉक्टर.

दहाव्याला मी गेलो. टॉवरखाली, जिथे पूर्वी गोठा होता त्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. विलास प्रत्येकाला तेच सांगत होता, माझ्यापाशी आला तेव्हाही त्याने तेच सांगितलं. "काका, आत्याला मी काय कमी पडू दिलं नाय." आणि एवढा मोठा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

आत्यांचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. ते जितकं त्याला होतं तितकंच मला होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं मी धीर देतोय, आणि मी देतही होतो. पण हात त्यांनी शिकवलेला होता. तो खांद्याखालून निघाला, सरळ कमरेपर्यंत आला, आणि तिथे अंगठा आणि दोन बोटं जरा दाबून थांबली.

"विलास," मी म्हटलं, "चांदीची लेक गाभण आहे. उद्या ऊन वर आलं की तिला टेकडीवर न्यायची आहे. तू चल माझ्याबरोबर."